मूल ‘रुळलं’ म्हणजे नेमकं काय झालं?

गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीच्या मांडवात सहा वर्षांखालच्या मुलांची संगीत खुर्ची होती. तिसऱ्या फेरीत साडेचार वर्षांचा एक मुलगा बाद झाला आणि मांडवाच्या मधोमध त्याने असं भोकाड पसरलं की शेजारच्या मंडळाचा लाऊडस्पीकर फिका पडला. आजोबा पुढे झाले, “मुलगा असून रडतोस? शी!” आईने घाईघाईने पर्समधून मोबाइल काढला. आयोजकांपैकी एका ताईंनी बक्षिसांच्या पिशवीतून पेन्सिलबॉक्स काढून त्याच्यासमोर नाचवला, “अरे, तूही जिंकलास की!” तिघंही भली माणसं आहेत. तिघांनाही एकाच गोष्टीची घाई झाली होती, आवाज बंद करण्याची.

पुढे तीन दिवस सोसायटीच्या गटावर जुंपली. एक पक्ष म्हणाला, मुलांना हरायला शिकवा. आम्हाला मास्तरांनी फोकाने सोलून काढलं, आम्ही बिघडलो का? आताच्या पोरांना जरा बोट लावलं की कोमेजतात. दुसरा पक्ष म्हणाला, एवढ्याशा जिवांना ‘बाद’ करायचंच कशाला? मनावर ओरखडे राहतात. पुढच्या वर्षी सगळ्यांना बक्षीस द्या, नाहीतर खेळच रद्द करा. हाच वाद मी लग्नाच्या पंगतीत ऐकलाय, पालकसभेत ऐकलाय, रिक्षात ऐकलाय. दर वेळी तो असाच फिरतो: छडी की गोंजारणं, जुनं की नवं, कडक की मऊ. माझी सतरा वर्षं बालवाडीत गेली, आणि मला हा वादच चुकीच्या जागी उभा राहिलेला वाटतो. हे दोन्ही पक्ष एकमेकांच्या विरोधात नाहीतच. दोघांनाही मुलाचं रडणं नको आहे. एकाला ते दटावून थांबवायचंय, दुसऱ्याला त्याचं कारणच जगातून उपटून टाकायचंय. ज्या सात-आठ मिनिटांत मूल रडत असतं, त्या वेळात त्याच्याजवळ कोण आहे आणि ते माणूस काय करतंय, हे कुणी विचारत नाही. आणि कणखरपणा म्हणतात तो काही घडत असेल, तर याच मिनिटांत घडतो.

आधी कडक पक्षाचं जे खरं आहे ते मान्य करू. मुलाला प्रत्येक ठेचेपासून वाचवलं तर ते भित्रं होतं, यात शंका नाही. कुत्र्याला घाबरणाऱ्या मुलाला कुत्रा दिसला की उचलून घेत राहिलात, तर कुत्रा दर महिन्याला मोठा होत जातो. भीतीवरचा उपचारही, थोड्या थोड्या मात्रेने, भीतीला सामोरं जाणं हाच आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी चिंताग्रस्त मुलांसाठी एक पद्धत बसवली. तिच्यात उपचार मुलावर होतच नाही, आईवडिलांवर होतो: मुलाच्या भीतीला शरण जात त्याच्या वतीने सगळं करणं त्यांनी हळूहळू सोडायचं. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हा उपचार मुलाला थेट दिलेल्या मानसोपचाराच्या तोडीचा निघाला. तेव्हा खेळच रद्द करा म्हणणाऱ्यांनी हे पचवायला हवं. हरणं काढून घेतलं, तर हरल्यावर सावरणंही काढून घेतलं. पण लेबोविट्झ यांच्या पद्धतीतला दुसरा अर्धा भाग कडक पक्षाच्या गावीही नसतो. आईवडिलांनी मुलाला दोन्ही गोष्टी सांगायच्या असतात: तुला किती भीती वाटतेय ते आम्हाला कळतंय, आणि तुला हे जमेल अशी आमची खात्री आहे. आपल्याकडे सर्रास दिसतं ते असं: दुसरं वाक्य आजोबांकडे, पहिलं आईकडे, आणि मधल्या खोलीत त्यावरून भांडण.

“आम्हाला विहिरीत ढकललं आणि आम्ही पोहायला शिकलो,” हे या पक्षाचं लाडकं वाक्य. माझ्या वडिलांचंही होतं. एकदा मी त्यांना खोदून विचारलं, नेमकं कसं ढकललं? तेव्हा हळूहळू बाहेर आलं: पाठीला पत्र्याचा डबा बांधलेला होता. काका आधीच पाण्यात उतरून हात पसरून उभे होते, पायरीवर दोरी घेऊन आणखी एक जण बसला होता. पहिला आठवडा डबा, मग रिकाम्या डब्याच्या जागी लहान डबा, मग काका चार हात लांब, मग काका काठावर विडी ओढत. म्हणजे जिला ते ‘ढकलणं’ म्हणत होते ती एक चोख आखलेली शिकवणी होती. आठवणीत मात्र फक्त धक्का उरला, डबा वाहून गेला. आणि ज्यांना खरोखरच डब्याशिवाय ढकललं गेलं, त्यातले काही जन्मभर पाण्याजवळ गेले नाहीत. ते अशा चर्चेत बोलत नाहीत. “आम्ही बिघडलो का?” हा प्रश्न नेहमी न बिघडलेलेच विचारतात.

या पक्षाचा आवडता साहित्यिक दाखलाही पोहण्याचाच आहे. 1935 साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’त पाण्याला भिऊन लपलेल्या श्यामला आई शिंपटीने झोडपून विहिरीवर पाठवते. बघा, म्हणतात, ती खरी आई! पण गोष्ट तिथे संपत नाही. श्याम पाठीवरचे वळ दाखवतो तेव्हा आईचे डोळे भरतात आणि ती त्या वळांवर तेल लावते. साने गुरुजींनी तुरुंगात बसून जे आठवलं त्यात शिंपटी आहे आणि तेलही आहे. आपण शिंपटी उचलली आणि तेलाची वाटी तिथेच ठेवून आलो. शिंपटी नसती तरी श्याम पोहला असता, असं माझं मत. तेल नसतं तर मात्र ती आई एवढी आठवणीत राहिली नसती. मार खाल्लेल्या मुलांबद्दल पुरावाही तेच सांगतो. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी 2016 साली पन्नास वर्षांतले अभ्यास, दीड लाखाहून जास्त मुलांचे, एकत्र करून पाहिले. मार आणि शहाणपण यांचा संबंध सापडला नाही, मार आणि हट्टीपणा, आक्रमकपणा यांचा सापडला. इथे एक आक्षेप रास्त आहे: दांडगी मुलंच जास्त मार खात असतील, म्हणजे कारण कुठलं आणि परिणाम कुठला? हा गुंता पूर्ण सुटलेला नाही. पण ज्या औषधाने रोग बरा होतो याचा पन्नास वर्षांत पुरावा मिळत नाही, ते औषध चालू ठेवायचा आग्रह कुठला वैद्य धरेल? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली. घराला असं कलम नाही.

“पण दटावलं की गप्प तर होतात ना?” होतात. इथेच मला सगळ्यात जास्त बोलायचंय. बालवाडीच्या जून महिन्यात एक शब्द रोज ऐकू येतो: ‘रुळलं’. पहिल्या आठवड्यात फाटकाला लोंबकळून रडणारं मूल दुसऱ्या आठवड्यात कोपऱ्यात मुकाट बसायला लागलं, की सगळ्यांना हायसं वाटतं. मलाही पहिली काही वर्षं वाटायचं. मग एक मुलगी आली. ती पाचव्या दिवशी ‘रुळली’. डबा उघडायची नाही, खेळायची नाही, शू लागली तरी सांगायची नाही. तिची आई मला पेढे द्यायला आली, त्रास नाही दिला म्हणून. आणि ती मुलगी संध्याकाळी आईला बघून धावत जायच्या ऐवजी दुसरीकडे तोंड फिरवायची. ती रुळली नव्हती. सांगून उपयोग नाही, एवढंच तिला कळलं होतं.

हा घोळ आपलाच नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधल्या इस्पितळांत भरती केलेल्या मुलांना आईवडिलांनी भेटण्यावर कडक बंधनं असत, कुठे कुठे आठवड्यातून एकदाच. कारण काय, तर आई भेटून गेली की मूल रडतं, न भेटली की काही दिवसांत शांत होतं. डॉक्टर, परिचारिका या शांतपणाला ‘सेटल झालं’ म्हणत. आपलं ‘रुळलं’, अगदी तेच. जेम्स रॉबर्टसन या समाजसेवकाला हे पटेना. त्यांनी आठ दिवसांसाठी हर्नियाच्या शस्त्रक्रियेला आलेल्या एका अडीच वर्षांच्या मुलीचं रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि 1952 साली ते वैद्यकीय मंडळींना दाखवलं. ती मुलगी फारशी रडतही नाही. शहाण्यासारखी वागते, आणि दिवसागणिक तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझत जातं. मंडळी आधी भडकली, हा आमच्या कामाचा अपमान आहे म्हणाली. पण चित्र डोळ्यांसमोरून हलेना. 1959 साली सरकारी समितीने, प्लॅट समितीने, आईवडिलांना मोकळेपणाने भेटू द्यावं अशी शिफारस केली. आज ‘मुलाच्या भल्यासाठी आईला वॉर्डात येऊ देऊ नका’ असं कुणी म्हणालं तर आपण त्याला वेड्यात काढू. पण त्या परिचारिका निर्दय नव्हत्या. त्या तेच पाहत होत्या जे मांडवातले आजोबा पाहत होते: आवाज बंद झाला, म्हणजे दुखणं बंद झालं. शास्त्राच्या नावाने सांगितलं म्हणजे ते बरोबर असतंच असंही नाही. त्याआधी, 1928 साली, जॉन वॉटसन या अमेरिकेतल्या नामवंत मानसशास्त्रज्ञाने आयांना लेखी सल्ला दिला होता: मुलांना कुरवाळू नका, पापे घेऊ नका, सकाळी हस्तांदोलन करा. हस्तांदोलन! तेव्हा ते अत्याधुनिक होतं.

आता मऊ पक्षाकडे वळते, कारण त्यांच्या बाजूने बोलतेय असा गैरसमज व्हायला नको. यांचं खरं आहे ते हे: लहान मुलाला स्वतःला शांत करता येत नाही. ते आधी दुसऱ्याच्या शांतपणाची उसनवारी करतं आणि वर्षानुवर्षांच्या उसनवारीतून त्याचं स्वतःचं भांडवल उभं राहतं. इथवर मान्य. पण मग हे लोक शांत करण्याच्या जागी खूश करणं बसवतात. सगळ्यांना बक्षीस दिलं की मुलाला काय कळतं? साडेचार वर्षांचं मूल मूर्ख नसतं. खुर्ची मिळाली नाही हे त्याने डोळ्यांनी पाहिलंय. “तूही जिंकलास” हे त्याला खोटं वाटतं, आणि खोटं बोलणारा माणूस पुढच्या वेळी उपयोगाचा राहत नाही. मोबाइल तर त्याहून सोयीचा. तो रडणं मिटवत नाही, पुढे ढकलतो. आणि आपण दुःखात असलो की माणसं पडदा देतात, सोबत देत नाहीत, एवढी शिकवण देऊन जातो.

खरं-खोटं हा मुद्दा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. मार्शमॅलोची गोष्ट आता शाळाशाळांच्या व्याख्यानांत पोचली आहे: मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शिशुशाळेत मुलांसमोर एक गोड वडी ठेवली, थांबलात तर दोन मिळतील म्हणाले, आणि जी मुलं थांबली ती पुढे आयुष्यात यशस्वी झाली. तात्पर्य: मुलांना संयम शिकवा. 2018 साली नऊशेच्या आसपास मुलांवर हे पुन्हा तपासलं, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात घेताच तो संबंध बराचसा विरला. त्याआधी 2013 साली सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी आणखी एक सुंदर गोष्ट करून पाहिली होती. 28 मुलं घेतली. त्यांना आधी चांगले रंगखडू आणून देते असं सांगितलं. निम्म्यांना आणून दिले, निम्म्यांना “अगं, संपले वाटतं” म्हणून रिकाम्या हाताने परत आल्या. मग वडीचा खेळ. ज्यांना दिलेला शब्द पाळला ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, ज्यांचा मोडला ती तीन. दुसऱ्या मुलांमध्ये संयम कमी होता का? त्यांच्याकडे थांबायचं कारण नव्हतं, एवढंच. आता आपली घरं आठवा. “आत्ता येते हं दोन मिनिटांत,” म्हणून मागच्या दाराने ऑफिसला सटकणारी आई. “रडू नको, उद्या आणू.” “जेव, नाहीतर बागुलबुवा येईल.” “इंजेक्शन नाही हं, डॉक्टरकाका फक्त बघणारेत.” पडल्यावर फरशीला चापट मारून “हाट्! हिनेच पाडलं माझ्या सोन्याला.” यातलं शेवटचं तर प्रेमाने केलेलं, पण मूल त्यातून शिकतं ते असं की लागलं की आधी दोषी शोधायचा. मुलांमध्ये धीर नाही म्हणून आपण कुरकुरतो, आणि धीर धरण्यासाठी जी एक गोष्ट लागते, मोठ्यांच्या शब्दाचा भरवसा, ती आपणच रोज सुट्ट्या पैशांसारखी उधळतो. बालवाडीत मी एकच नियम कडकपणे पाळायला लावायची: आईने सांगूनच जायचं, मूल रडलं तरी. आणि सांगितलेल्या वेळी यायचं.

सगळ्यात बळकट आक्षेप मात्र या दोन्ही पक्षांकडून येत नाही. तो आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी घेतला. “बाई, बसायला वेळ कुणाला हाय?” सहा घरची भांडी, दीड खोलीत पाच माणसं, नवऱ्याची रात्रपाळी. मुलाच्या रडण्याजवळ शांतपणे बसणं ही फुरसतवाल्यांची चैन नाही का? ऊसतोडीला दिवाळीच्या सुमाराला बीडहून निघालेल्या जोडप्याने पहाटे फडात कोयता चालवताना काय करायचं? या आक्षेपापुढे मी थोडी नमते. यातला निम्मा भाग पालकांच्या वागण्याचा नाहीच, तो सरकारचा आणि मालकांचा आहे. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केलं. फडाला, बांधकामाला, सहा घरच्या भांड्यांना ते कुठे लागू होतं? भावना सांभाळायच्या कार्यशाळा घेणारे या प्रश्नावर बोलत नाहीत, कारण त्याचं तिकीट विकता येत नाही.

तरी चैन हा शब्द मला मान्य नाही, आणि त्याला इतिहास आहे. हवाईच्या काउई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर यांनी त्यांच्या चाळिशीपर्यंत पाठपुरावा केला. गरिबी, व्यसन, आजारपण, मोडके संसार अशा घरांतली जी मुलं सर्वांत धोक्यात होती, त्यांतली साधारण एक तृतीयांश तरीही धडधाकट, कामाची, मायेची माणसं झाली. या मुलांमध्ये ठळकपणे दिसलेली एक गोष्ट म्हणजे निदान एक तरी मोठं माणूस, भरवशाचं, त्यांच्या पाठीशी होतं. ती आईच असायला हवी असं नव्हतं. आजी होती, शेजारीण होती, शिक्षक होते. आणि आपल्या ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीत बालवाडी काढली ती काही बंगल्यांतल्या मुलांसाठी नव्हे. पुढे कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने आदिवासी पाड्यांवर काम करताना दिसलं की मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती धाकट्या भावंडांना सांभाळतात, गुरं राखतात. मग त्यांनी काय केलं? मुलांना शिस्त लावली नाही. शाळाच अंगणात नेली, गुरांमागे कुरणात नेली, भावंडांसाठी पाळणाघर जोडलं. अंगणवाडी हा शब्द देशभर गेला तो या धडपडीतून. फुरसतीचा तिथे लवलेशही नव्हता.

वेळेचा हिशेबही एकदा घालून बघा. बालवाडीतल्या अनुभवाने सांगते, ज्या मुलाच्या जवळ कुणी बसलंय त्याचं रडणं बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या आत ओसरतं. दटावलेलं मूल पाच मिनिटांत गप्प होतं आणि मग संध्याकाळभर किरकिरतं. आणि दर वेळी जमायला हवं असंही नाही. एड ट्रॉनिक यांनी आया आणि तान्ह्या बाळांचे एकमेकांशी चाललेले खेळ बारकाईने पाहिले, तर प्रेमळ जोड्यांचाही सूर बराच वेळ बिनसलेलाच असतो. मोलाचं असतं ते बिनसल्यावर पुन्हा जुळवणं. मावशींना मी हेच सांगितलं, की ओरडलात तर ओरडलात, रात्री निजताना पोराला म्हणा, मगाशी मी जास्तच ओरडले. त्या हसल्या. “लेकरापुढं कोण माफी मागतंय?” चार दिवसांनी म्हणाल्या, “मागितली. ते म्हनलं, असू दे.”

जाता जाता शब्दांबद्दल. हल्ली तीन वर्षांच्या मुलाला ‘मेल्टडाउन’ होतं, पाच वर्षांच्याला ‘अँक्झायटी’ असते. मराठीत मुलं हिरमुसतात, फुरंगटतात, रुसतात, खट्टू होतात, बावरतात, कावरीबावरी होतात, मुसमुसतात, हुंदके देतात, थयथयाट करतात. यातला एकेक शब्द वेगळ्या प्रसंगाचा आहे आणि मुलाला तो लगेच लागू पडतो. “खट्टू झालास होय?” असं विचारलं की मुलाला स्वतःच्या पोटातल्या गोळ्याचं नाव मिळतं. आजारासारखं ऐकू येणारं नाव दिलं की ते घाबरतं. हे शब्द शिकवायला कुठला नवा तास नको. जेवताना वापरायचे.

त्या मांडवातल्या मुलाचं पुढे काय झालं हे गटावर कुणी लिहिलं नाही, कारण तोवर पुढची फेरी सुरू झाली होती आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे होतं. त्याने मोबाइल ढकलून दिला, पेन्सिलबॉक्सकडे बघितलंही नाही, आजोबांच्या हाताखालून निसटला आणि मांडवामागे पायरीवर जाऊन बसला. सोसायटीत पाणी सोडणारे काका तिथे तंबाखू मळत होते. ते काहीच बोलले नाहीत. थोडे सरकले आणि त्याला जागा दिली. बऱ्याच वेळाने विचारलं, “खुर्ची नाही मिळाली?” मुलाने मान हलवली आणि पुन्हा रडला, जरा कमी. मग नाक पुसून त्याने काकांना विचारलं, आता ती काढलेली खुर्ची कोण उचलून ठेवतं? कुणीच नाही, ते म्हणाले, मोकळी पडलीय. पुढच्या प्रत्येक फेरीला गाणं थांबलं की स्वतःपेक्षा उंच प्लॅस्टिकची खुर्ची ओढत बाहेर काढणारा तो मुलगा फोटोंत मागे कुठेतरी दिसतो. शेवटच्या फोटोत जिंकलेल्या मुलीशेजारी उभा आहे, एक हात खुर्चीवर.